धागे खरे की भास?

कोल्हापुरात बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाचं टोक अ‍ॅसिटोकार्मिनमध्ये रंगवून काचपट्टीवर अंगठ्याने दाबलं, की 16 गुणसूत्रं लाल दिसतात. पेशी विभागताना त्यांना दोन टोकांकडे ओढणारे तर्कूचे (स्पिंडलचे) धागे मात्र जर्नलमधल्या आकृतीतच राहतात. हा घोळ जुना आहे.

जर्मन शास्त्रज्ञ वॉल्थर फ्लेमिंगने 1882 च्या ग्रंथात सॅलॅमँडरच्या पेशी रंगवून हे धागे रेखाटले, पण त्या पेशी मेलेल्या होत्या. रसायनाने पेशीद्रव गोठलं की असे धागे आपोआप उमटतात, अशी शंका पुढे सत्तर वर्षं टिकली. ती वावगी नव्हती. 1953 मध्ये शिन्या इनोउएने ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातून जिवंत पेशीतच धागे दाखवले, तेव्हा कुठे वाद मिटला. थंडीने ते विरघळतात आणि ऊब मिळाली की परत उभे राहतात, हेही त्यानेच पाहिलं. कोल्चिसिननेही ते मोडतात. (पावसाळ्यात आपल्याकडे कुंपणावर फुलणाऱ्या कळलावीच्या कंदातलं विष ते हेच.) याच कोल्चिसिनला चिकटणाऱ्या प्रथिनाचा माग काढत 1967 च्या सुमारास ट्युब्युलिन हाती आलं. धागे त्याच्याच सूक्ष्मनलिकांचे असतात.

राहिला प्रश्न पकडीचा. 1966 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्राच्या चिमटलेल्या जागी एक थरांची चकती दिसली. हीच कायनेटोकोअर, नलिका इथे येऊन रुततात. पण वेगळ्या व्हायच्या जोडीतल्या दोन्ही चकत्या एकाच ध्रुवाला, म्हणजे पेशीच्या एकाच टोकाला अडकल्या, तर पेशीला चूक कळते कशी?

या सगळ्या इतिहासातला माझा आवडता प्रयोग याच प्रश्नाचा आहे. जीवशास्त्रज्ञ ब्रूस निकलसने नाकतोड्याच्या पेशीत काचेच्या बारीक सुईने गुणसूत्रं मुद्दाम चुकीची अडकवली. ती आपोआप सुटत. पण त्याच चुकीच्या पकडीला सुईने उलट बाजूने ताण दिला, की ती टिकून राही! हे 1969 चं. म्हणजे पेशी दिशा बघत नाही, ताण बघते. रस्सीखेचीत समोर कोणी ओढणारं असेल तरच दोर ताठ राहतो, तसंच.

1986 मध्ये कर्शनर आणि मिचिसन या जीवशास्त्रज्ञांनी त्याला आधीचा दुवा जोडला: नलिका सतत वाढत-कोसळत चाचपडत असतात आणि चकतीला लागलेल्या तेवढ्या टिकतात. ताण नसलेली पकड सोडवणारं ऑरोरा-बी हे एन्झाइम ओळखू यायला मात्र 2002 च्या आसपासचा काळ उजाडला.