तंत्रज्ञान मेळावे, सांगली-सातारा भागातील

संगणक, मुक्त सॉफ्टवेअर (कोणालाही उघडून बघता, बदलता आणि वाटता येणारे), इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकावरची मराठी यांत रस असलेल्या विद्यार्थ्यांनी व हौशी मंडळींनी आपल्या हिमतीवर भरवलेले मेळावे, कार्यशाळा, स्पर्धा आणि त्यांतून एकमेकांना दिले जाणारे मानसन्मान. पत्रिकेवर महोत्सव, परिषद, कार्यशाळा असे काहीही छापलेले असले तरी कॉलेजच्या आवारात या सगळ्यांना एकच शब्द आहे : ‘इव्हेंट’. सरकारी प्रदर्शने, कंपन्यांचे विक्रीमेळावे आणि ‘पहिले लेक्चर मोफत’ छापाचे क्लासवाल्यांचे सेमिनार यांत मोडत नाहीत. भरवणारे आणि येणारे यांच्यात फारसे अंतर नसणे ही या मेळाव्यांची मुख्य खूण. यंदा मागच्या बाकावर बसलेला पोरगा पुढच्या वर्षी माईक धरून उभा असतो.

या मेळाव्यांना टेकू आहे तो अभियांत्रिकी कॉलेजांचा. सांगलीत धोंडूमामा साठे यांनी १९४७ साली न्यू इंजिनिअरिंग कॉलेज काढले. १९५५ पासून ते वालचंद नावाने ओळखले जाते. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. राजारामनगरचे राजारामबापू इन्स्टिट्यूट आणि साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय ही दोन्ही १९८३ ची. सव्वाशे किलोमीटरच्या या पट्ट्यात मुले पदवीपर्यंत असतात आणि मग पुण्याला जातात. त्यामुळे एक गंमत होते. अनुभवी माणूस इथे टिकत नाही, पण दिवाळीला किंवा गावच्या जत्रेला तोच माणूस घरी येतो आणि वक्ता म्हणून हाती लागतो. प्रवासखर्च द्यावा लागत नाही, आणि तो मराठीत बोलतो.

पूर्वपीठिका : या भागात संगणक गावोगाव पोचवण्याचा पहिला मोठा प्रयत्न वरून आला होता. १९९८ साली केंद्र व राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प हाती घेतला. बाजारभाव, आरोग्य, शिक्षण अशी सगळी माहिती गावातल्या संगणकावर मिळावी, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात ते संगणक प्रामुख्याने समूहाच्या साखर कारखान्याच्या कामाला लागले : उसाची नोंद, तोडणीचा परवाना, खताचा हिशेब. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवर, एसएमएसने तीच कामे करून पाहिली, आणि ती झाली. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने या प्रकल्पातली उणीव यंत्रांची नव्हती. यंत्र उघडून बघणारी, बिघडवणारी आणि परत जोडणारी पोरे त्याच्याभोवती जमली नाहीत. २००१ पासून एमएस-सीआयटीमुळे संगणकाचे सर्टिफिकेट घरोघर गेले. पण तोही परीक्षेचा मामला. चार जणांनी सुटीच्या दिवशी विनाकारण एकत्र बसावे, ही सवय दुसरीकडून यायची होती.

ती लिनक्सच्या गटांमधून आली. लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी मुक्त संगणकप्रणाली; तिची सुरुवात १९९१ ची. भारतातल्या मोठ्या शहरांत तिचे वापरकर्ते गट नव्वदीच्या दशकातच निघाले होते. सांगलीत वालचंद कॉलेजमध्ये ‘वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप’ २००३ मध्ये सुरू झाला. ‘मेटामॉर्फोसिस’, ‘टेक्नोट्वीट’ आणि ‘ओपन सोर्स डे’ हे त्याचे ठरलेले कार्यक्रम. त्या काळी इथे इंटरनेट म्हणजे सायबर कॅफेतला तास. सहा-सातशे एमबीची एक सीडी उतरवून घेणे हे खर्चाचे आणि चिकाटीचे काम. म्हणून ‘लिनक्स फॉर यू’ मासिकासोबत येणारी सीडी हातोहात फिरायची, आणि उबुंटू या लिनक्सच्याच एका प्रकाराचे लोक २०११ पर्यंत जगात कुठेही फुकट सीडी टपालाने पाठवत, त्याचा लाभ घेतला जाई. परदेशाचा शिक्का असलेले पाकीट पोस्टमनने हॉस्टेलवर आणून देणे, एवढ्यावरही माणसाचा भाव वाढत असे.

इन्स्टॉलफेस्ट : या मेळाव्यांतला सगळ्यांत जुना आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सगळ्यांत उपयोगी प्रकार. सप्टेंबरचा तिसरा शनिवार जगभर ‘सॉफ्टवेअर फ्रीडम डे’ म्हणून पाळण्याची प्रथा आहे; हा दिवस २००४ पासून सुरू झाला. त्याच्या आगेमागे लोक आपापले लॅपटॉप घेऊन येतात आणि स्वयंसेवक त्यांवर लिनक्स घालून देतात. सांगायला हे एक वाक्य आहे. करताना मात्र दिवस जातो.

दारातच पहिला प्रश्न विचारतात : ‘बॅकअप घेतलाय का?’ उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असते आणि बहुतेक वेळा खोटे असते. मग विंडोजमधला फास्ट स्टार्टअप बंद करायचा, डिस्कला कुलूप घालणारा बिटलॉकर चालू असेल तर त्याची किल्ली आधी कागदावर उतरवून घ्यायची, डिस्कवर पन्नास-साठ जीबी जागा मोकळी करायची आणि पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करायचे. डिस्कचे भाग पाडायच्या, म्हणजे पार्टिशनच्या, पडद्यावर आल्यावर स्वयंसेवक मालकाला शेजारी बसवून घेतो. ‘नेक्स्ट’ मालकानेच दाबायचे, हा अलिखित नियम. दुसऱ्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो आपल्या बोटाने उडाले, हा डाग कोणालाच नको असतो. काम झाल्यावरही वाय-फाय लागत नाही. वाय-फायचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारे सॉफ्टवेअर, इंटरनेटवरून घ्यायचा आणि इंटरनेट वाय-फायवर, अशा पेचात मोबाइल केबलने जोडून मार्ग काढतात. एवढ्यात लाइट जाते. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, आणि साठ टक्क्यांवर आलेले इन्स्टॉलेशन पहिल्यापासून सुरू करावे लागते. एक्स्टेन्शन बोर्ड किती आणले यावर इन्स्टॉलफेस्टचे यश मोजावे, असे जुने कार्यकर्ते म्हणतात ते थट्टेने नव्हे.

पाचच्या आत सगळे आटोपते घ्यावे लागते, कारण जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या मुलांना एसटी गाठायची असते.

मराठीच्या कार्यशाळा : संगणकावर मराठी लिहिण्याचे प्रशिक्षण हा या मेळाव्यांचा दुसरा धागा. छापखान्यांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की चिन्हांचा चिवडा दिसतो. प्रत्येक अक्षराला सगळ्या मशीनवर एकच क्रमांक देणारा युनिकोड कशाला हवा हे पटवायला तेवढे पुरते. खरी मजा बारकाव्यांत येते. ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ लिहायला सांगितले की निम्म्या वर्गाच्या पडद्यावर ‘सह्याद्रीच्या दर्या’ उमटते आणि डोंगरात समुद्र येतो. ‘ऱ्या’ साठी नुक्ता (खाली टिंब) असलेला ऱ घ्यावा लागतो, हे तिथे पहिल्यांदा कळते. ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी ‘अ’ ला चंद्र जोडून वेळ मारून नेत.

याच कार्यशाळा पुढे विकिपीडियाच्या संपादनेथॉनकडे, म्हणजे एकत्र बसून नोंदी लिहिण्याकडे, वळल्या. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. साताऱ्याच्या लोकांना विश्वकोशाचे काम तसे परके नाही. वाईत बसूनच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे संपादन केले. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. तिथे एकेका नोंदीवर अभ्यागत संपादकापासून भाषा-संपादकापर्यंत किती हात फिरत, आणि इथे दुपारी तीन ते पाच या वेळात गावाची नोंद पुरी करायची असते! नवख्याचे पहिले वाक्य ‘आमचे गाव निसर्गाच्या कुशीत वसलेले आहे’ हे असते, आणि संदर्भ नसल्याने ते संध्याकाळपर्यंत उडालेले असते. नाराज होऊन परत न येणारे पुष्कळ. भरवणाऱ्यांचीही एक नेहमीची फजिती आहे. एका इंटरनेट जोडणीवरून विकिपीडिया दिवसाला सहाच नवी खाती उघडू देतो. चाळीस जणांची लॅब, सहा खाती झाली, सातव्याला लाल अक्षरांत नकार. ही अट आधी अर्ज करून सैल करून घेता येते. पण ते कळते ते पहिल्या कार्यशाळेनंतर.

हॅकेथॉन : ठरावीक तासांत सलग बसून काहीतरी बनवून दाखवण्याचा मेळावा. हा शब्द १९९९ साली ओपनबीएसडी या मुक्त संगणकप्रणालीच्या प्रोग्रॅमरांच्या कॅनडातील बैठकीत रूढ झाला. आपल्याकडे तो घरोघर गेला तो २०१७ मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमुळे : सहा जणांचा संघ, त्यात किमान एक मुलगी, सॉफ्टवेअर गटात सलग छत्तीस तास काम. कॉलेजे त्याचीच लहान आवृत्ती आपापल्या हॉलमध्ये भरवतात. विषयांत ऊस, हळद, द्राक्षांवरचे रोग हे ठरलेले. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेल्यापासून पाणीपातळी मोजणाऱ्या सेन्सरची त्यात भर पडली. त्या पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यासारखे येतात. बक्षीस मिळाले की यातले बहुतेक प्रकल्प कपाटात जातात. रात्रभर चालणाऱ्या स्पर्धेत मुलींच्या हॉस्टेलचे दार किती वाजता बंद होते हा प्रश्न अनेकदा शेवटच्या क्षणी आठवतो, आणि संघातली ती ‘किमान एक’ मुलगी सादरीकरणापुरती सकाळी येते. काम तिने केलेले असो वा नसो, बोलतो दुसराच.

मानसन्मान : या भागाला बक्षिसांची पद्धत कुस्तीच्या मैदानातून ठाऊक आहे. जत्रेत बारक्या पोरांच्या कुस्त्या नारळावर किंवा रेवड्यांवर लागतात, मग शंभर-पाचशेच्या, आणि दिवस कलताना एक नंबरची मोठ्या इनामाची. तंत्रज्ञान मेळाव्यांत नारळाची जागा स्टिकरने घेतली आहे. लॅपटॉपच्या झाकणावर कोणते स्टिकर आहेत यावरून माणूस कुठे कुठे जाऊन आला ते कळते, आणि विकत घेऊन लावलेला स्टिकर जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही. त्यावर टी-शर्ट, त्यावर मोमेंटो. पाहुण्यांना मात्र अजून शाल आणि श्रीफळच, आणि तीस वर्षांचा प्रोग्रॅमर खांद्यावर शाल घेऊन स्लाइड बदलताना दिसतो.

सर्टिफिकेट ही वेगळीच भानगड. हजेरीचे, सहभागाचे, स्वयंसेवकाचे, सगळ्यांचे वेगळे. आणि नावातली एक चूक निघाली की पुढचा आठवडा दुरुस्तीत जातो. ‘सर्टिफिकेट मिळणार का?’ हा नोंदणीच्या टेबलावर सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. त्यामुळे काही गटांनी ते देणेच बंद करून पाहिले. गर्दी कमी झाली आणि उरलेली माणसे कामाची निघाली. पण रिकाम्या हॉलचा फोटो प्राचार्यांना दाखवता येत नाही, म्हणून पुढच्या वर्षी सर्टिफिकेट परत येते.

वस्तूच्या लोभाने काम कसे बिघडते याचे जगभर गाजलेले उदाहरण म्हणजे हॅक्टोबरफेस्ट. २०१४ पासून चाललेल्या या उपक्रमात ऑक्टोबर महिन्यात मुक्त प्रकल्पांना चार बदल सुचवले की टी-शर्ट मिळे. २०२० मध्ये टी-शर्टसाठी निरर्थक बदलांचा असा पूर आला, कुठे ‘ऑसम’ हा शब्द घाल, कुठे एक स्वल्पविराम, की प्रकल्प चालवणारे वैतागले. ज्यांना हवे त्यांनीच भाग घ्यायचा असा नियम भर उत्सवात करावा लागला. भारतीय विद्यार्थ्यांची नावे त्यात ठळकपणे आली. २०२३ साली टी-शर्टच्या जागी डिजिटल बॅज आला. याच्या उलट टोकाला विकिपीडियावरचा ‘बार्नस्टार’ आहे. २००३ पासूनची ही प्रथा : एका संपादकाने दुसऱ्याच्या चर्चापानावर ताऱ्याचे चित्र आणि दोन ओळी ठेवायच्या. समिती नाही, अर्ज नाही, किंमत शून्य. पण देणाऱ्याने तुमचे काम वाचलेले असते.

पुरस्कार कुठून येईल याचा नेम नसतो, हे देवराष्ट्रे गावाने दाखवून दिले. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव असलेल्या या गावातल्या एका कारागिराने भंगारातून, सुमारे साठ हजारांत, किक मारून चालू होणारी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ फिरला, उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी ती गाडी घेऊन बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. हा मान कोणत्याच मेळाव्यातून आलेला नव्हता. मेळावे भरवणाऱ्यांच्या नजरेतून हे निसटले, याची बोच गटांमध्ये अधूनमधून निघते. वर्कशॉपमधल्या मिस्त्रीला हॅकेथॉनचा परीक्षक करावे ही सूचना तेव्हापासून केली जाते आणि दरवेळी पुढच्या वर्षावर ढकलली जाते.

गटाच्या आत मात्र मोठा मान वेगळाच असतो. शेवटच्या वर्षाची मुले परीक्षेआधी एका संध्याकाळी धाकट्यांना बोलावतात. चहा होतो. मग ईमेल खात्याचा पासवर्ड, एक्स्टेन्शन बोर्डांची पेटी, गेल्या वर्षी उरलेले स्टिकर, वक्त्यांच्या फोन नंबरांची वही आणि साउंडवाल्याची राहिलेली उधारी, हे सगळे एकाच्या हवाली केले जाते. कोणाला द्यायचे ते इन्स्टॉलफेस्टच्या दिवशी ठरलेले असते : लाइट गेल्यावर जो जनरेटरकडे धावला होता, त्याला.