गोळीबार कोणी केला?

दोन वाक्यं बघा. ‘द्रावण ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्यात आले.’ ‘जमावावर गोळीबार करण्यात आला.’ घडण एकच, कर्ता दोन्हीकडे गायब. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना पहिलं वाक्य अगदी मान्य असतं. द्रावण कोणी तापवलं याने निकाल बदलत नाही, आणि बदलत असेल तर प्रयोगातच काहीतरी चुकलंय. दुसऱ्या वाक्याखाली मात्र इतिहासाच्या प्राध्यापिका लाल रेघ मारतात. कोणी केला? त्यांच्या विषयात तोच तर प्रश्न असतो.

सकाळी प्रयोगशाळेत आणि दुपारी इतिहासाच्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याला हे सहसा कोणी सांगत नाही. त्याला एवढंच दिसतं, की तसंच लिहिल्यावर इथे पैकीच्या पैकी मिळतात आणि तिथे शेरा पडतो: ‘मोघम’.

मग ‘मुलांना लिहिताच येत नाही’ म्हणत खापर भाषेच्या शिक्षकांवर फुटतं. पण रसायनशास्त्रात पुरावा कशाला म्हणायचं, हे भाषेच्या शिक्षकाने कुठून सांगावं? ते ठाऊक असतं रसायनशास्त्रज्ञाला. पंचाईत अशी, की त्यालाही ते सांगता येत नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याच्या हाताला ते इतकं वळण पडलेलं असतं, की हा एक नियम आहे हेच तो विसरून गेलेला असतो.

१९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी केलेला एक प्रयोग इथे चपखल बसतो. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर चालू असतो. ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. ‘मोघम’ हा शेराही अशीच टकटक.

१९६९-७० मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, सेंट्रल कॉलेजमध्ये, बार्बरा वॉल्वोर्ड यांनी वेगवेगळ्या विषयांच्या प्राध्यापकांना विद्यार्थ्यांच्या लेखनावर बोलण्यासाठी एकत्र बसवलं. सर्व विषयांतून लेखन शिकवण्याच्या चळवळीतली ही पहिली कार्यशाळा समजली जाते. अशा कार्यशाळांमध्ये व्याकरणाचा तास होत नाही. होतं ते असं: जीवशास्त्राचे प्राध्यापक एक निबंध वाचतात आणि ‘रोपाला उजेड हवासा वाटतो’ इथे अडखळतात. शेजारचे साहित्याचे प्राध्यापक विचारतात, ‘यात चूक काय?’ आता उत्तर द्यावंच लागतं. रोपाला इच्छा नसते. उजेडाच्या विरुद्ध बाजूला ऑक्सिन हे संप्रेरक जास्त साठतं, तिथल्या पेशी जास्त लांबतात आणि खोड उजेडाकडे वाकतं; यालाच प्रकाशानुवर्तन म्हणतात. म्हणजे त्यांना हवी होती यंत्रणा, हेतू नव्हे. हे वाक्य त्यांनी बहुधा वर्गात कधी उच्चारलेलं नसतं. परक्या विषयाचा माणूस शेजारी बसल्याचा खरा फायदा हाच.

त्यानंतर प्राध्यापकांना स्वतःचाच प्रश्न पुन्हा लिहायला लावतात. ‘प्रकाशानुवर्तनावर निबंध लिहा’ याऐवजी: ‘टोकावर उजेड अडवणारी टोपी घातलेलं रोप उजेडाकडे का वाकलं नाही, हे प्रयोग न पाहिलेल्या वर्गमित्राला समजावून सांगा.’ वाचक ठरला, काम ठरलं. निम्मा मोघमपणा तिथेच गळतो.

‘अहो, पण पोर्शन कसा संपवायचा?’ ही हरकत येतेच, आणि ती खोटी नाही. तरी लेखन म्हणजे केवळ शिकलेलं उतरवणं नव्हे, लिहिताना शिकणंही होतं. विज्ञान, गणित आणि सामाजिक शास्त्रांतल्या ५६ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. लिहिण्याने विषयाचं आकलन वाढतं, असं त्यात सरासरीने दिसलं. वाढ मोठी नव्हती. ते प्रयोगही शाळेतल्या मुलांवरचे, त्यामुळे कॉलेजला आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पण तासाच्या शेवटी पाच मिनिटं, ‘आज काय अडलं’ एवढंच लिहून घ्यायला पोर्शन आडवा येत नाही. त्याला गुण द्यायचे नाहीत, नुसतं चाळायचं.

राहिला गठ्ठा तपासण्याचा जाच. लेखन शिकवणारे अमेरिकी प्राध्यापक रिचर्ड हॅसवेल यांनी १९८३ मध्ये सुचवलेली युक्ती आळशी वाटेल अशी आहे: शुद्धलेखनाची वा व्याकरणाची चूक दिसली की ती दुरुस्त करायची नाही, त्या ओळीसमोर समासात फक्त एक खूण करायची. चूक विद्यार्थ्याने शोधायची. त्यांच्या विद्यार्थ्यांनी साठ टक्क्यांच्या आसपास चुका आपल्या आपण दुरुस्त केल्या. उरलेली लाल शाई मग ‘कोणी केला?’ असं विचारायला मोकळी.