देवघरातली लक्ष्मी हाताने रंगवलेली आहे का?

कोकणातल्या जुन्या घरांत काचेमागे असलेली लक्ष्मी किंवा सरस्वती म्हणजे त्रावणकोरच्या प्रसिद्ध, बहुतांशी स्वतःच तैलरंग शिकलेल्या राजा रविवर्मा या चित्रकाराचे अस्सल तैलचित्र असून त्याची किंमत लाखांत आहे, असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे.

हा समज होणे स्वाभाविक आहे, कारण ही चित्रे तैलचित्रासारखी दिसावीत अशीच छापली जात. १८४८ साली किळिमानूर येथे जन्मलेल्या या चित्रकाराचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. तिथे चुनखडीच्या दगडांवर प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा घेऊन एकच कागद अनेकदा छापला जाई, त्यामुळे एका चित्राच्या हजारो प्रती निघत आणि सामान्यांच्या घरांपर्यंत पोहोचत. मला हेच त्याचे मोठे काम वाटते.

पडताळणी घरीच करता येते. आमच्या देवघरातल्या लक्ष्मीचा गाल भिंगाखाली पाहिला, तेव्हा सलग रंगाऐवजी गुलाबी, पिवळे आणि निळसर बारीक ठिपके दिसले, तर साडीच्या काठाशी एक रंग किंचित सरकलेला आढळला. हाताच्या चित्रात कुंचल्याचे फटकारे दिसतात. खालच्या कडेला छापखान्याची ओळ आहे का, तेही पाहावे. पाठीमागे कापड असणे हा मात्र पुरावा नव्हे, कारण छापील कागदही कापडावर चिकटवत. पावसाळ्यातल्या दमट हवेत कागद काचेला चिकटलेला असेल, तर तो ओढून काढू नये.