फोन आपला, किल्ली कंपनीकडे: सिम-लॉकची पार्श्वभूमी

दुसऱ्या कंपनीचं सिम घालून फोन सुरू केला आणि पडद्यावर ‘अनलॉक कोड टाका’ अशी ओळ आली, की आधी वाटतं सिमच खराब निघालं. सिम धड असतं आणि फोनही धड असतो. फोनने फक्त सिममधला आयएमएसआय नावाचा क्रमांक वाचलेला असतो. तो सहसा १५ आकडी असतो. त्यातले पहिले तीन आकडे देशाचे, पुढचे दोन किंवा तीन कंपनीचे. फोनला नेमून दिलेल्या कंपनीचे आकडे दिसले नाहीत, तर फोन ते सिम दारातूनच परत पाठवतो. सिम-लॉक म्हणजे एवढंच. अँटेनात खोट नसते, चिपमध्ये नसते. अडवणूक सॉफ्टवेअरने केलेली असते आणि योग्य कोड दिला की ती उठते.

हे मनाला लागतं, कारण सिम कार्ड जन्माला आलं तेच मुळी फोन आणि जोडणी वेगळी ठेवता यावी म्हणून. त्याआधीच्या ॲनालॉग फोनमध्ये ग्राहकाचा नंबर यंत्रातच भरलेला असे. जीएसएम या डिजिटल मोबाइल पद्धतीने ही गाठ सोडवली. या पद्धतीवरचा पहिला व्यावसायिक कॉल १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये रेडिओलिंजा कंपनीच्या नेटवर्कवरून झाला. त्याच वर्षी म्युनिकच्या गीझेके अँड डेव्ह्रियंट या कंपनीने रेडिओलिंजासाठी पहिली सिम कार्डं बनवली. ती चांगली क्रेडिट कार्डाएवढी होती. कल्पना साधी: कार्ड खिशात ठेवायचं, हाताशी येईल त्या फोनमध्ये सरकवायचं, की तो फोन आपला.

पण याच जीएसएमच्या नियमावलीत फोन एखाद्या कंपनीपुरता बांधून ठेवायची सोयही होती. कंपन्यांनी ती का वापरली, हे समजण्यासारखं आहे. तेव्हा हँडसेट महाग होते. एक-दोन वर्षांच्या करारावर कंपनी फोन जवळपास फुकट देई आणि खर्च महिन्याच्या बिलातून वसूल करी. कोणी स्वस्तात फोन उचलून दुसरीकडे पूर्ण किमतीला विकला तर कंपनीचं नुकसान. ही भीती खोटी नव्हती. मात्र करार मध्येच मोडला तर दंड लागायचाच, त्यामुळे लॉक हा दुसरा बंदोबस्त झाला. माझा खरा आक्षेप पुढच्या भागाला आहे. हप्ते फिटले, करार संपला, तरी लॉक आपोआप निघत नसे. किल्ली कंपनीकडे, आणि ती मिळवायला अर्ज, शुल्क, प्रतीक्षा.

सगळीकडे असं नव्हतं. फिनलंडमध्ये फोन आणि जोडणी एकत्र बांधून विकायला २००६ पर्यंत मनाई होती. उलट अमेरिकेत काही मोठ्या कंपन्या जीएसएमऐवजी सीडीएमए या वेगळ्या मोबाइल तंत्रावर चालत. त्यांच्या फोनमध्ये सिमच नसे. त्या यंत्राचा ओळख-क्रमांक कंपनीच्या यादीत असेल तरच फोन चालायचा, म्हणजे आख्खा फोनच कंपनीच्या दावणीला.

२००७ मध्ये आयफोन आला आणि हा प्रश्न घराघरांत पोचला. जर्मनीत तो फक्त टी-मोबाइलकडे, दोन वर्षांच्या करारासह ३९९ युरोंना मिळत होता. प्रतिस्पर्धी व्होडाफोन हॅम्बुर्गच्या न्यायालयात गेली आणि तिने अशा बांधून केलेल्या विक्रीवर अंतरिम मनाई मिळवली. मग टी-मोबाइलने विनाकरार, विनालॉक आयफोन विकायला काढला: ९९९ युरो. डिसेंबरात मनाई उठली आणि ती विक्रीही थांबली. पण त्या थोड्या दिवसांत ग्राहकाला दोन्ही किमती शेजारी शेजारी दिसल्या. ‘स्वस्त’ फोनमागचे ६०० युरो कुठून येणार होते, हे तेव्हा कोणी वेगळं सांगायची गरज उरली नाही.

अमेरिकेत प्रकरण भलत्याच कायद्यात अडकलं. तिथे १९९८ च्या कॉपीराइट कायद्याने डिजिटल कुलपं तोडायला बंदी घातली होती आणि फोनचा लॉकही त्यात सापडला. अशा बंदीतून सूट द्यायची की नाही, हे दर तीन वर्षांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेच्या ग्रंथालयाचे, प्रमुख ठरवतात. फोन अनलॉक करायला २००६ मध्ये सूट मिळाली, २०१० मध्ये ती कायम राहिली. २०१२ मध्ये मात्र नव्या फोनसाठी ती काढून घेतली गेली. २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेला फोन कंपनीच्या परवानगीविना अनलॉक करणं बेकायदा ठरलं. व्हाइट हाउसकडे गेलेल्या अर्जावर एक लाखाहून जास्त सह्या पडल्या, सरकारने मागणी रास्त असल्याचं मान्य केलं आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ओबामांनी अनलॉकिंगला मुभा देणाऱ्या कायद्यावर सही केली. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूसाठी लोकांना संसदेपर्यंत जावं लागलं, हे विसरता कामा नये.

त्याच देशात १९६८ मध्ये कार्टरफोन नावाच्या यंत्राबद्दल निकाल लागला होता. तोवर टेलिफोनच्या तारेला कंपनीबाहेरचं यंत्र जोडायला मज्जाव असे. नेटवर्कला अपाय होत नसेल तर ग्राहक स्वतःचं यंत्र जोडू शकतो, असं नियामकाने ठरवलं. मोबाइलबाबत तीच गोष्ट पुन्हा भांडून मिळवावी लागली.

फोन सुटला तरी एक बेडी उरायची: नंबर. कंपनी बदलली की नंबर जायचा. बँक, नातेवाईक, गिऱ्हाइकं सगळ्यांना नवा नंबर कळवण्यापेक्षा लोक वाईट सेवा सोसत. मोबाइल नंबर पोर्ट करायची सोय सर्वांत आधी १९९७ मध्ये सिंगापूरने दिली. अमेरिकेत ती २४ नोव्हेंबर २००३ पासून सुरू झाली. पूर्वी नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरूनच तो कुठल्या कंपनीचा ते कळायचं आणि कॉल तिकडे जायचा. आता हा नंबर सध्या कोणाकडे आहे, हे आधी पोर्ट झालेल्या नंबरांच्या नोंदीत पाहिलं जातं. फोनची आणि नंबरची, या दोन्ही सुटका एकमेकींवाचून अर्ध्याच आहेत.

अलीकडे वारं फिरलं आहे. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून नवे फोन विनालॉकच विकावे लागतात आणि जुने फुकट अनलॉक करून द्यावे लागतात. ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून लॉक केलेले फोन विकणं बंद केलं.

तरीही ‘अनलॉक’ म्हणजे ‘कुठेही चालेल’ नव्हे. नव्या कंपनीच्या लहरी, म्हणजे बँड, फोनला पकडता यायला हवेत. जिथे ३जी बंद झालं आहे तिथे ४जीवरून बोलायची सोय त्या फोनला त्या कंपनीने दिलेली असावी लागते, नाहीतर इंटरनेट चालतं आणि कॉल लागत नाही. चोरीला गेला म्हणून काळ्या यादीत टाकलेला फोन ही तर वेगळीच बाब. तिथे आयएमईआय, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळख-क्रमांक, अडवलेला असतो आणि अनलॉक करूनही उपयोग होत नाही. वापरलेला फोन घेताना *#०६# दाबून हा क्रमांक पाहावा आणि तपासून घ्यावा.

२०२२ मध्ये अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ ला सिमचा कप्पाच नव्हता. त्यात ईसिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं सिम, होतं. ईसिममध्ये कंपनी बदलायला कार्ड काढावं-घालावं लागत नाही, जोडणी डाउनलोड होते. पण लॉक तिथेही तसाच काम करतो: क्रमांक वाचतो, कंपनी नेमून दिलेलीच आहे का ते पाहतो, नसेल तर परत पाठवतो. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये फोनची माहिती उघडून खाली जा. सिमवर कोणतंही बंधन नाही, अशा अर्थाची ओळ तिथे दिसली, की हा फोन सुटा आहे.