रेडिओलॉजी रेसिडेन्सी आणि स्पेशलायझेशनच्या वाटा
एमबीबीएसनंतर नीट पीजी देऊन रेडिओलॉजीला एमडी किंवा डीएनबीची (दोन्ही पदव्युत्तर पदव्या) सीट लागली की पुढची ३ वर्षं सगळ्यांना सगळंच करावं लागतं, एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय, मॅमोग्राफी, पोस्टिंग संपली की दुसरी, आणि मध्येच ३ महिने डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी, म्हणजे जिल्ह्याच्या हॉस्पिटलात काम. पहिल्याच वर्षी "मी न्यूरोच (मेंदू-मज्जासंस्थेचंच) करणार" म्हणून जाहीर केलं तरी रात्रीच्या इमर्जन्सीत पोटाची सोनोग्राफी काही चुकत नाही.

अमेरिकेत १ वर्ष इंटर्नशिप आणि मग ४ वर्षं डायग्नॉस्टिक (स्कॅन बघून निदान), पण तिथे रेसिडेन्सी चालू असतानाच इंटरव्हेन्शनलचं (स्कॅनवर बघत सुई-कॅथेटरने उपचार) काम जास्त करून पुढचा २ वर्षांचा कोर्स १ वर्षात उरकायची सोय आहे, तिला ईसिर म्हणतात. आपल्याकडे असा वेगळा ट्रॅक नाही, त्यामुळे आवड कशात लागणार हे बरंचसं समोर कुठले पेशंट येतात त्यावर ठरतं. मुंबईत सायन हॉस्पिटलला ट्रॉमा (अपघाताचे पेशंट) भरपूर, म्हणजे डोक्याचे सीटी बघून बघून नजर तयार होते. परळला केईएम, टाटा आणि वाडिया ही हॉस्पिटलं चालत जायच्या अंतरावर, पण टाटात कॅन्सर आणि वाडियात लहान मुलं, एकाच स्टेशनला उतरून दुनिया वेगळी.

एमडीनंतर नीट एसएस (सुपर-स्पेशालिटीची प्रवेश परीक्षा) देऊन इंटरव्हेन्शनलला ३ वर्षांचं डीएम, म्हणजे एमडीच्या पुढची पदवी, करता येतं, सीटा मात्र मोजक्याच. या लाइनीत रिपोर्टिंगपेक्षा हाताचं काम जास्त: जांघेतल्या धमनीत सुई, सुईतून वायर, सुई काढायची, वायरवरून कॅथेटर सरकवायचा. सेल्डिंगरने १९५३ साली मांडलेली ही पद्धत अजून तशीच चालते, आणि हे सगळं अंगावर शिशाचा ॲप्रन चढवून तासन् तास उभं राहून, पाठीचं काय होतं ते त्यांनाच विचारा. ब्रेस्ट, मस्क्युलोस्केलेटल (हाडं-स्नायू), कार्डिॲक वगैरेसाठी बहुतेक जण फेलोशिप करतात, काही जण एफआरसीआरच्या (ब्रिटनच्या रेडिओलॉजी कॉलेजच्या) परीक्षा देतात.

फीटल इमेजिंगला (पोटातल्या बाळाच्या तपासणीला) जाणाऱ्याला मात्र कायदाही पाठ लागतो. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला, देशाचा १९९४ चा. गरोदर बाईची सोनोग्राफी केली की एफ फॉर्म, म्हणजे त्या तपासणीची कायद्याने लागणारी नोंद, भरायचाच, आणि तो अर्धवट ठेवणं ही नुसती कारकुनी चूक नाही हे सुप्रीम कोर्टानेही २०१९ ला स्पष्ट केलं.