ठिपके आले, मुतखडाही आला
नागपूरच्या फुटाळा तलावावर संध्याकाळी चक्कर मारली, की लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, पग असे सगळेच भेटतात. मालक कौतुकाने सांगतो, ‘पेपरवालं पिल्लू आहे.’ पेपर म्हणजे वंशावळ. आई-बाप, आजा-पणजा कोण, ते त्यावर असतं. जनुकांत काय दडलंय, ते नसतं.

पगचं दुखणं निदान दिसतं तरी. कुत्रं अंग थंड ठेवतं ते मुख्यतः धापा टाकून, आणि पगच्या चपट्या तोंडात हवा जायलाच वाट अरुंद. नवतप्यात, पारा 45 च्या पुढे गेल्यावर, त्याचं काय होत असेल?

बाकीचे आजार लपून येतात. विदर्भात सिकलसेलमुळे हे गणित अनेकांना पाठ आहे : वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेला) धडधाकट, पण आई-बाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. कुत्र्यांचे कित्येक आजार याच वाटेने येतात. आपण सोयरीक जुळवताना सगोत्र टाळतो (मामाची मुलगी सोडून द्या!). कुत्र्यांत मात्र जातीचं रूप पक्कं करायला मुद्दाम नात्यातच जोड्या लावल्या गेल्या. 1873 मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला, वंशावळीच्या नोंदवह्या आल्या, आणि बाहेरच्या रक्ताला दार जवळजवळ बंद झालं. बक्षीस मिळवणारा एकच नर ढीगभर पिल्लांचा बाप होतो. त्याचं एखादं सदोष जनुक काही पिढ्यांनी आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून एकाच पिल्लात उतरतं.

ठिपकेवाल्या डाल्मेशियनमध्ये तर हद्द झाली. बहुतेक कुत्र्यांचं यकृत युरिक आम्लाचं सहज विरघळणाऱ्या पदार्थात रूपांतर करतं. डाल्मेशियनमध्ये ते आम्ल यकृताच्या पेशींत नीट शिरतच नाही, लघवीत उतरतं आणि खडे होतात. नरांची मूत्रनलिका अरुंद, त्यामुळे तुंबण्याचा त्रास त्यांनाच जास्त. हा दोष जातीत सरसकट पसरला. ठसठशीत ठिपक्यांची निवड करता करता तो सोबत आला असावा. मग शुद्ध डाल्मेशियनांची आपसात कितीही जोडी लावा, निरोगी जनुक येणार कुठून?

ते बाहेरूनच आणावं लागलं. 1973 मध्ये अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ रॉबर्ट शायबल यांनी डाल्मेशियनची पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी जोडी लावली. निरोगी जनुकाची एकच प्रत पुरते, म्हणून दर पिढीत युरिक आम्ल कमी असलेली पिल्लं निवडायची आणि पुन्हा शुद्ध डाल्मेशियनशी जोडायची, असं ते करत राहिले. पॉइंटरचं रक्त नावापुरतं उरलं. 1981 मध्ये अमेरिकन केनेल क्लबने त्यातली दोन कुत्री नोंदवलीही. पण डाल्मेशियनवाल्यांनी आक्षेप घेतला आणि नोंदणी थांबली. 2008 मध्ये सदोष जनुक नेमकं सापडलं. त्यानंतरही या कुत्र्यांना पेपर मिळायला 2011 उजाडलं. तोवर त्यांची लघवी साफ होती, रक्त मात्र ‘अशुद्ध’ होतं.