हॅडामार्ड गेट म्हणजे नाणेफेक नव्हे

हॅडामार्ड गेट ही क्वांटम संगणकातील एक मूलभूत क्रिया; ती क्युबिटची (त्या संगणकातील माहितीच्या एककाची, जे ० आणि १ यांच्या एकत्रित स्थितीतही राहू शकते) नाणेफेक करते, हा समज बराच रुजला आहे. ० स्थितीतील क्युबिटवर ते एकदा लावून मापन केल्यास ० आणि १ येण्याची शक्यता प्रत्येकी ५० टक्के असते, हे खरे. परंतु ती अनिश्चितता मापनातून येते, गेटमधून नव्हे. मापन न करता तेच गेट पुन्हा लावले, तर (यंत्रातील त्रुटी सोडल्यास) उत्तर नेहमी ० येते, कारण १ कडे नेणाऱ्या दोन मार्गांचे आयाम (ज्यांच्या वर्गातून शक्यता मिळते आणि ज्या ऋणही असू शकतात अशा संख्या), +१/२ आणि −१/२, एकमेकांना रद्द करतात, तर ० कडचे दोन्ही +१/२ मिळून १ होतात. नाण्याच्या बाबतीत असे रद्द होणे संभवतच नाही, कारण शक्यता कधी ऋण नसतात. या दोन गेटांच्या मध्ये झेड गेट (१ च्या आयामाचे फक्त चिन्ह उलटवणारे गेट) लावले, तर त्या टप्प्यावरच्या शक्यता तसूभरही बदलत नाहीत, तरीही अखेरचे उत्तर मात्र १ येते.